रुमालाखालचा भाव

धान्याच्या आणि कापसाच्या बाजारात भाव ठरवण्याची एक जुनी रीत होती; तिला हत्ता म्हणत. आडत्या हात पुढे करी, त्यावर रुमाल किंवा उपरण्याचे टोक पडे आणि त्याखाली खरेदीदार त्याची बोटे दाबून आपला भाव सांगे. किती बोटे धरली यावरून आकडा कळे. तो दहाचा की शंभराचा, हे चालू भाव माहीत असलेल्या दोघांना सांगावे लागत नसे. एकामागून एक व्यापारी येत, हात रुमालाखाली घालत आणि बाजूला होत. शेवटी आडत्या सौदा पटल्याचे सांगे. व्यवस्थापनाच्या क्रमिक पुस्तकांत संवादाचे पाच घटक दिलेले असतात: सांगणारा, निरोप, माध्यम, ऐकणारा आणि प्रतिसाद. ही कसोटी लावली तर हत्ता पहिल्या वर्गात पास होतो. बाजाराच्या गोंगाटात ऐकण्याची चूक होण्याची भीती नाही, व्यापारी कोणत्या मुलखातला आणि कोणत्या भाषेचा याची अडचण नाही, वेळ काही क्षणांचा आणि प्रतिसाद जागच्या जागी. एकच गोष्ट राहून जाई. ज्याचा माल होता तो शेतकरी दोन हातांवर उभा असे, आणि आपल्या ढिगाला कोणी किती भाव दिला हे त्याला कळत नसे. त्याच्या कानावर येई तो आडत्याने सांगितलेला भाव. तो सर्वांत वरचा होता की नाही, हे विचारायला त्याच्याकडे काहीच साधन नव्हते.

ही रीत मोडायला कायदा लागला. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा बाजार नियमाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथेही १९३० मध्ये शेतमाल बाजाराचा कायदा आला. पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा आणि त्याखालचे १९६७ चे नियम यांनी भाव उघड लिलावाने किंवा निविदेने ठरवण्याचे बंधन घातले. आज छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागल्यावर येणाऱ्या फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावीही कृषी उत्पन्न बाजार समिती असते आणि मक्याच्या ढिगापाशी भाव मोठ्याने पुकारला जाणे हीच रीत मानली जाते. हा इतिहास सहसा शेतीच्या पुस्तकात सांगितला जातो. माझ्या मते तो व्यवसायातील संवादाच्या पुस्तकात पहिल्या पानावर असायला हवा. दोघांमधला निरोप अचूक पोचला म्हणजे संवाद झाला, ही समजूत किती अपुरी आहे हे तो दाखवतो. संस्थेतला संवाद बोलणारा आणि ऐकणारा या दोघांत संपत नाही. ठरलेल्या गोष्टीचा भार ज्याच्यावर पडतो असा एक तिसरा माणूस जवळपास नेहमीच असतो. ठरलेले त्याला तपासून पाहता आले आणि त्यावर उलट विचारता आले, तरच संवाद परिणामकारक झाला असे म्हणता येते.

या तिसऱ्या माणसाचा विसर पडण्याचे एक कारण संवादाच्या शास्त्राच्या जन्मकथेत सापडते. क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९४८ मध्ये, बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत असताना, संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त मांडला. संदेशाचे संकेतात रूपांतर, वाटेतला गोंगाट, पलीकडे संकेताची उकल, हे चित्र तिथून आले आणि थेट व्यवस्थापनाच्या वर्गात जाऊन बसले. पण शॅननने आरंभीच स्पष्ट केले होते की संदेशाच्या अर्थाशी या अभियांत्रिकी प्रश्नाला कर्तव्य नाही. तारेतून गेलेले अक्षर पलीकडे तेच उमटते का, एवढाच त्याचा प्रश्न होता. गंमत म्हणजे त्याच्या दहा वर्षे आधी, १९३८ मध्ये, टेलिफोनच्याच धंद्यातल्या दुसऱ्या एकाने संस्थेसाठी वेगळे उत्तर देऊन ठेवले होते. न्यू जर्सी बेल कंपनीचे अध्यक्ष चेस्टर बर्नार्ड यांनी अधिकाऱ्याच्या कामावरील आपल्या पुस्तकात म्हटले की हुकमाचा अधिकार हुकूम देणाऱ्याच्या खुर्चीत नसतो, तो हुकूम स्वीकारणाऱ्याकडे असतो. माणूस हुकूम केव्हा मानतो? तो त्याला समजला असेल, संस्थेच्या हेतूशी विसंगत वाटत नसेल, त्याच्या स्वतःच्या हिताच्या आड येत नसेल आणि तो पाळणे त्याच्या आवाक्यात असेल तेव्हा. तार नीट असणे या चारपैकी फार तर पहिल्या अटीला उपयोगी पडते. बाकीच्या तीन अटी ऐकणाऱ्याने निरोपाची पारख करण्याच्या आहेत, आणि पारख करायची तर निरोप पारखता येण्याजोगा असावा लागतो.

पारखता येण्याजोगा म्हणजे काय, हे कापसाच्या ओलाव्यावरून फार चांगले कळते. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत ओलाव्याच्या प्रमाणात भावात कपात आणि १२ च्या वर खरेदी नाही, असा निकष असतो. आता एकाच गाडीबद्दल तीन वाक्ये पाहा. 'माल ओला आहे.' 'ओलावा तेरा आहे.' 'ओलावा तेरा आहे, बारापर्यंत घेतो. दोन दिवस ऊन दाखवून आणा.' पहिल्या वाक्यात निकाल आहे, कारण नाही. ओला म्हणजे किती, कोणी ठरवले, हे विचारायला जागा नाही. म्हणून ऐकणाऱ्याला एक तर मान खाली घालावी लागते किंवा भांडावे लागते. दुसऱ्यात मोजमाप आहे, पण ते कशाशी ताडायचे ते नाही. तिसऱ्यात मोजमाप, निकष आणि पुढची वाट असे तिन्ही आहे. बोलायला चार सेकंद जास्त लागले, पण शेतकरी आता यंत्राचा काटा स्वतः पाहू शकतो, दुसऱ्या ठिकाणी माल मोजून घेऊ शकतो, ऊन देऊन परत येऊ शकतो. त्याला नकार मिळाला, तरी तो तपासता येणारा मिळाला. कारखान्यात, बँकेत, कार्यालयात दिवसभर फिरणारी बहुतेक वाक्ये पहिल्या जातीची असतात. 'काम समाधानकारक नाही', 'कागदपत्रे अपुरी आहेत', 'लवकरात लवकर पूर्ण करावे' यांतल्या एकाही वाक्याला काटा नाही. ती सौम्य वाटतात, सभ्य वाटतात, आणि त्यांच्या अर्थाचा सगळा अधिकार बोलणाऱ्याकडे ठेवून घेतात.

यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे सगळे लेखी द्या. लेखी असणे चांगलेच, पण पुरेसे नाही. मराठवाड्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. १९४८ पर्यंत इथल्या राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि जमीन कसणाऱ्यांची मराठी. कागद होते, शिक्के होते. पण आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे, आणि वाचणारा सांगेल तेवढेच त्यात लिहिलेले असे. न वाचता येणारा कागद हाही एक रुमालच. बरे, भाषा कळत असली तरी कागद योग्य हातात आणि योग्य वेळी हवा. उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर ६ जुलै १९८८ रोजी एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढली होती आणि त्या जागी तात्पुरते झाकण बसवले होते. त्या कामाचा परवाना रीतसर लिहिलेला होता. रात्रपाळीत दुसरा पंप बंद पडला. पाळीवरच्या लोकांना पहिल्या पंपाच्या देखभालीचा परवाना माहीत होता, झडपेचा वेगळा परवाना माहीत नव्हता. त्यांनी तो पंप सुरू केला, वायू गळला आणि १६७ माणसे गेली. या दुर्घटनेला इतरही कारणे होती, पण सुरुवात पाळी बदलताना न सांगितलेल्या एका गोष्टीतून झाली. कागद तयार होता. पंपाची कळ ज्याच्या हाताखाली होती त्याच्यापर्यंत तो आला नाही. फुलंब्रीच्या गावांतून वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जाणाऱ्यांना पाळी बदलताना यंत्राचा चार्ज देणे-घेणे रोजचे आहे. 'मशीन ठीक आहे' म्हणून दिलेला चार्ज आणि दोघांनी यंत्रापाशी उभे राहून, आलेल्याने ऐकलेले परत बोलून दाखवत घेतलेला चार्ज, यांत किती अंतर असते ते पायपर अल्फावर दिसले.

भाषेचा मुद्दा थोडा वाढवायला हवा, कारण 'धंद्याची भाषा इंग्रजीच' असे समजून बसलेले व्यवस्थापक पुष्कळ आहेत. तांत्रिक गोष्टी मराठीत नीट सांगता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. याला शंभर वर्षांपूर्वीचे उत्तर आहे. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असे मानणाऱ्या शेतकऱ्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांना नांगर विकायचा होता. त्यांच्या कारखान्यातून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याचे पत्र मराठीत सुरू केले. पुढे त्याचेच नावाजलेले मासिक झाले. यंत्र बनवणाऱ्या कंपनीला आपल्या माणसांशी आणि गिऱ्हाइकांशी मराठीत बोलणे १९२० मध्ये जमत होते, तर आज न जमण्याचे कारण भाषेत नसावे. इंग्रजी शब्द आले म्हणून बिघडत नाही. ओव्हरटाइम, शिफ्ट, बिल हे शब्द कामगाराचेच आहेत. बिघडते ते वाक्य. इंग्रजी परिपत्रकाचे शब्दशः मराठी करून फलकावर लावले की ते इंग्रजी येणाऱ्यालाही कळत नाही आणि मराठी येणाऱ्यालाही.

आता या विचाराची कसोटी शेतकरी उत्पादक कंपनीवर पाहू, कारण तिथे मालक, माल देणारा आणि गिऱ्हाईक ही तिन्ही नाती एकाच सभासदाच्या अंगावर असतात. मका, कापूस, अद्रक पिकवणारे शेतकरी अशी कंपनी काढतात. तिच्यात व्यक्ती सभासदाला शेअर कितीही असले तरी मत एकच. सर्वसाधारण सभेची लेखी सूचना किमान १४ दिवस आधी द्यावी लागते, आणि नियमावलीत जास्त संख्या ठरवली नसेल तर एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश उपस्थितीने गणपूर्ती होते. समजा ४०० सभासद आहेत. १०० जण आले की सभा कायदेशीर. आता सूचनेत 'वार्षिक ताळेबंद व नफा-तोटा पत्रक स्वीकृत करणे' एवढेच लिहिले आणि ती व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकली, तर दोन निळ्या खुणा दिसतील. त्या खुणा म्हणजे निरोप उघडला गेला याची पावती. समजला याची नव्हे, पटला याची तर नव्हेच. त्याच सूचनेत खाली तीन ओळी घातल्या, की गेल्या वर्षी कंपनीने किती क्विंटल मका घेतला, सरासरी कोणत्या भावाने घेतला आणि कोणत्या भावाने विकला, मधला पैसा कुठे गेला, तर प्रत्येक सभासदाकडे ताडून पाहायला स्वतःच्या विक्रीची हिशोबपट्टी आहे. तो सभेला प्रश्न घेऊन येईल. हे संचालकांना अडचणीचे वाटेल, पण प्रश्न घेऊन आलेला सभासद आणि पुढच्या हंगामात माल दुसरीकडे घालणारा सभासद यांतून निवड करायची झाली तर पहिला परवडतो.

यावर पहिला आक्षेप असा की प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला उलगडून सांगत बसले तर काम कधी करायचे? प्रत्येक धंद्याला आपली सांकेतिक भाषा लागतेच. आक्षेप खरा आहे, आणि मुंबईच्या डबेवाल्यांनी त्याचे उत्तर डब्याच्या झाकणावरच लिहून ठेवले आहे. रंग, अक्षरे आणि आकडे यांचा त्यांचा संकेत बाहेरच्याला कळत नाही. डबा उतरवायचे स्टेशन, इमारत, मजला अशा मोजक्या खुणा त्यात असतात; जेवणाऱ्याचे पूर्ण नाव-पत्ता नसतो. म्हणजे इथे माहिती कमी आहे आणि तरी डबा बरोबर जातो. मग डबेवाल्यांचा संकेत चांगला आणि हत्ता वाईट कसा? फरक दोन गोष्टींत आहे. डबा ज्याच्या ज्याच्या हातातून जातो त्या प्रत्येकाला त्याच्यापुरता संकेत वाचता येतो. आणि गिऱ्हाइकाला संकेत कळला नाही तरी निकाल तपासता येतो: दुपारी डबा उघडला की घरचे जेवण आहे की दुसऱ्याचे, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. हत्त्यात शेतकऱ्याला संकेतही वाचता येत नसे आणि निकालही तपासता येत नसे. तेव्हा सांकेतिक भाषेला हरकत नाही. ती कोणापासून काय झाकते, एवढे विचारले पाहिजे.

दुसरा आक्षेप गुपिताचा. धंद्यात सगळे उघडे करून चालत नाही, हे कोणीही दुकानदार सांगेल. पण उघड लिलावातही गुपित असतेच. आपण कोणत्या भावापर्यंत जाणार, हे व्यापारी शेवटपर्यंत मनात ठेवतो आणि तो त्याचा हक्क आहे. पुकारलेली बोली मात्र त्याची एकट्याची राहत नाही. ती ढिगाच्या मालकाची झाली. निविदेतही हेच. पाकिटे बंद असतात, पण ती सर्वांसमक्ष उघडली जातात. यातून संस्थेला उपयोगी पडणारी रेघ ओढता येते: स्वतःचा हिशेब, डावपेच, पुढचे बेत खुशाल झाकावेत, दुसऱ्याच्या पदरात जे पडणार ते झाकू नये. पगारवाढीच्या चर्चेत मालकाने काय काय विचार केला हे कामगाराला सांगण्याची सक्ती नाही. पण कोणत्या मोजमापाने त्याला इतकी वाढ मिळाली आणि ते मोजमाप चुकले असे वाटल्यास कोणाला भेटायचे, हे त्याला कळायलाच हवे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो बाजारातूनच येतो. उघड लिलाव आला म्हणून शेतकऱ्याला रास्त भाव मिळायला लागला का? व्यापाऱ्यांनी आधीच आपसांत ठरवून घेतले असेल तर कितीही मोठ्याने पुकारा, भाव वर जाणार नाही. राष्ट्रीय कृषी बाजार म्हणजे ई-नाम ही ऑनलाइन व्यवस्था १४ एप्रिल २०१६ पासून सुरू झाली, ती बाहेरगावच्या व्यापाऱ्यालाही बोली लावता यावी म्हणूनच. म्हणजे नुसत्या उघडेपणाने भागले नव्हते, हे सरकारनेही मानले. हा आक्षेप मी मान्य करतो. संवाद हा स्पर्धेचा किंवा न्यायाचा पर्याय नाही. ज्या संस्थेत वेतनच तुटपुंजे आहे तिथे ते सुबक मराठीत कळवल्याने पोट भरत नाही. मात्र यावरून संवाद निरुपयोगी ठरत नाही. रुमालाखाली भाव पडला तर तो पडला हेसुद्धा सिद्ध करता येत नसे. उघड बोलीत आणि हातातल्या पट्टीत आज फुलंब्रीचा भाव दुसऱ्या बाजार समितीच्या भावाशी ताडता येतो आणि काल-परवाच्या भावाशीही. अन्याय आपोआप संपत नाही, पण त्याला आकडा मिळतो, आणि आकडा मिळालेल्या तक्रारीला 'तसे काही नाही' एवढे उत्तर पुरत नाही. मोबाइलच्या पडद्यालाही हीच कसोटी लावावी. बोली तिथे लागली, पण माल ज्याचा आहे त्याला ती पाहता आली नाही, तर रुमाल कापडाऐवजी काचेचा झाला एवढेच.

म्हणून संवादाची मूलतत्त्वे शिकवताना सुरुवात आवाजाची पट्टी, हातवारे आणि सादरीकरणाच्या चित्रांपासून करू नये. ती शेवटची सफाई आहे. सुरुवात हिशोबपट्टीपासून करावी. माल विकून निघालेल्या शेतकऱ्याच्या हातातल्या त्या चिठोऱ्यावर वजन असते, भाव असतो, हमाली-तोलाई असते आणि हातात पडणारी रक्कम असते. गुणाकार-वजाबाकी येणाऱ्या घरातल्या शाळकरी मुलीला ती पट्टी तपासता येते, आणि चूक निघाली तर दुसऱ्या दिवशी ती पट्टी घेऊन बाजारात परत जाता येते. आपल्या संस्थेतली एखादी सूचना उचलावी आणि जिच्यावर तिचा भार पडणार आहे अशा व्यक्तीला वाचायला द्यावी. मग तिलाच विचारावे: यातून तुम्हाला काय करायचे आहे, किती, कधीपर्यंत, आणि हे चूक वाटले तर कोणाकडे जाल? ती जिथे अडखळेल तिथे तिचे शिक्षण कमी पडले असे समजू नये. तेवढी ओळ खोडून पुन्हा लिहावी.